तुमचा दिवस सरला असेल तर

न्यांगा, ३ जून

साहवीरा टेकशुअर यांस,

तुमचा दिवस बरा सरला असेल तर माझाही सरला.

माझ्या नवऱ्याला, फिलेमोनला, माती देऊन चार महिने झाले आणि तुम्ही त्याचे साहवीरा, जन्माचे जिवलग, असून तुमची एक ओळ नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. आता कामाचं.

आमच्या म्हुते कॉटेजची वेबसाइट तुम्हीच बनवलीत, म्हणून तुम्हालाच विचारते. फेब्रुवारीपासून तिच्यावरून मला एकाही पाहुण्याचा निरोप आलेला नाही. दरवर्षी मे-जूनची थंडी पडली की हरारेचे मासे धरणारे, मुटारेची नवी जोडपी, आठवड्याला दोन-तीन तरी मेल यायच्या, 'खोली आहे का?' यंदा कोणी नाही. मला वाटलं, माणूस गेला की लोक त्याच्या घराचा रस्ताही विसरत असतील. दर शुक्रवारी दोन्ही खोल्यांतल्या चादरी बदलते आणि सोमवारी त्याच कोऱ्या चादरी काढून परत धुते. कशासाठी, ते विचारू नका.

पण गेल्या शनिवारी मुटारेचे एक नवरा-बायको थेट फाटकाशी आले. बाई तणतणत होती. 'अहो, तीनदा भरला तुमचा तो फॉर्म! धन्यवाद, निरोप मिळाला, असं येतं तिथं. आणि पुढं चिडीचूप! मेलात की काय म्हटलं!' नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं, कारण मी काळ्या कपड्यांत होते. बिचारी नंतर दोन दिवस मला ताई ताई करत होती.

म्हणजे लोक लिहितात. मला मिळत नाही.

साहवीरा, पाहुणे गेले चुलीत. माझ्या लेकीला, शुवाईला, घर सोडून सहा वर्षं झाली. तो मुलगा आपल्या माणसांना घेऊन मागणी घालायला आला नाही, आणि ती त्याच्याबरोबर इंग्लंडला निघून गेली. फिलेमोननं सगळ्या भावकीसमोर शपथ घेतली, की या घरात तिचं नाव निघणार नाही. तेव्हाच आमचे नंबर बदलले. तिच्याकडे माझा नंबर नाही, माझ्याकडे तिचा पत्ता नाही. बाप गेलेला तिला माहीत नाही. पण ही वेबसाइट तिला शोधता येईल. कधी लिहिलंच तर ती त्याच फॉर्मात लिहील, तिला दुसरं दार नाही. आणि ते दार अडकलंय.

तेवढं उघडून द्या.

रेवाई


ग्वेरू, ११ जून

शुवाईच्या माई,

तुमचा सरला असेल तर माझाही सरला.

शिव्या पोचल्या. अजून चार घातल्या असत्या तरी चाललं असतं. अंत्यविधीला मी निघालो होतो, पण वाटेत बस बिघडली. तुमचे हात धरून सांत्वन करायला आलो नाही, तोवर फोनवर आवाज ऐकवायला मला तोंड नाही. म्हणून कागदावर लिहितो आणि तुमच्या बाजूच्या बसच्या कंडक्टरकडे देतो. तो माणूस चांगला आहे, फक्त पाकिटावर चहाचा कप ठेवतो.

आता तुमचा फॉर्म. पाहुणा बटण दाबतो तेव्हा वेबसाइट तुमच्या नावानं एक मेल लिहिते आणि रवाना करते. 'धन्यवाद' दिसतं त्याचा अर्थ एवढाच, की मेल लिहून झाली. पोचली की नाही, ते वेबसाइटला कळत नाही. वाटेत ती कुठंही मरते. सगळ्यात आधी टॅब्लेटवर तुमच्या मेलमध्ये 'जंक' नावाचा कप्पा आहे तो बघा. नको असलेलं तिथं टाकतात, आणि कधी कधी हवं असलेलंही. मग स्वतःच फॉर्म भरून एक निरोप पाठवा. मीही इथल्या कॉलेजच्या संगणकावरून एक पाठवतो. दोन्ही येतात का ते कळवा.

शुवाईचं वाचलं. तिला पाठीवर घेऊन मी तुमच्या बटाट्याच्या शेतातून घोडा झालेलो आहे. मिळेल निरोप, माई. आधी जंक बघा.

टेकशुअर


न्यांगा, २० जून

साहवीरा,

जंक बघितलं. त्यात तीन परदेशी कर्नल निघाले, तिघांनाही माझ्याशी लग्न करायचंय. एकाला तर मी विधवा आहे हेही ठाऊक आहे. पण पाहुणा एकही नाही. शुवाईही नाही.

मी स्वतः फॉर्म भरला. 'तुमचा दिवस कसा सरला?' एवढं लिहिलं आणि बसले. तासाभरानं लक्षात आलं, की मी उत्तराची वाट बघतेय. समोरच्यानं सरला म्हटल्याशिवाय पुढचं बोलायची सवय नाही ना आपल्याला! एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि यंत्राला रामराम करून बसले. हसा. तुमचं कामच ते आहे.

तर तेही लिहिते. फिलेमोनच्या मयताला कोणी हसलं नाही. साहवीरा नसलेलं मयत मी पहिल्यांदाच बघितलं. मेलेल्याचा कोट घालून त्याची नक्कल कोणी केली नाही, त्याच्या कंजूसपणाच्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत. माझ्या नणंदेनं, एनेरेसीनं, थोडा प्रयत्न केला, पण बहिणीच्या तोंडून ते शोभत नाही. लोक जेवले, रडले, गेले. हसू आलं असतं तर मला पुढचे दिवस जरा सोपे गेले असते असं वाटतं. बस बिघडली याला तुम्ही काय करणार.

माझा निरोप आला नाही. तुमचाही नाही.

रेवाई


ग्वेरू, २ जुलै

माई,

सापडलं असं वाटतंय. तुमचा फॉर्म मेल पाठवताना पाठवणारा म्हणून पाहुण्याचाच पत्ता घालत होता. म्हणजे पत्र लिहिलं आपल्या वेबसाइटनं आणि पाकिटावर सही मुटारेच्या बाईची. मेलवाल्यांना हल्ली असली पत्रं बनावट वाटतात. ते ती फेकून देतात आणि कोणाला सांगतही नाहीत. पूर्वी चालायचं, आता चालत नाही. मी ते बदललं. आता पाठवणारी वेबसाइट, आणि पाहुण्याचा पत्ता उत्तरासाठी आत.

चाचणीचा एक निरोप नव्यानं पाठवलाय. त्यात काय लिहिलंय ते इथं सांगत नाही. वाचलात की कळेल कोणाचं बोलणं आहे ते. मयताला जे करायचं राहिलं, त्यातलं थोडंसं समजा.

इथं कॉलेजला सुटी लागली. मुलं गेली की संगणकखोलीत फक्त पंख्यांचा आवाज राहतो. घरी गेलं तरी तेच, तिथं पंखाही नाही. तुम्ही चादरींचं लिहिलंत म्हणून लिहिलं.

टेकशुअर


न्यांगा, १० जुलै

साहवीरा,

तुमचा निरोप आला नाही.

आठ दिवस मी टॅब्लेट शालीआड घेऊन हिंडले. त्यात कोणाचं बोलणं लिहिलंय ते मला कळलं होतं. तुम्ही ते फिलेमोनच्या आवाजात लिहिलं असणार. मेलेल्या नवऱ्याचं बोलणं येणार म्हणून मी वाट बघत बसले, या वयात, काळ्या कपड्यांत. नाही आलं. काय लिहिलं होतं ते आता सांगू नका. सांगितलंत तर ते नुसतं तुमचं होईल.

दहिवरानं बटाट्याची पानं काळी पडलीत. सकाळी सडझा शिजवायला मूठभर मक्याचं पीठ घेते आणि सवयीनं दुसरी मूठ घालते. मग उरलेला सडझा शेजाऱ्यांच्या कुत्र्याला. तो एकटाच या घरी नियमानं येतो. मला फार एकटं वाटतं, साहवीरा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नणंदेला सांगितलं तर ती राहायला येईल, आणि मग बोलावं लागेल.

तुम्ही शुवाईबद्दल 'मिळेल निरोप' असं लिहिलं होतंत. तसं पुन्हा लिहू नका. मेल येत नाही तोवर मला म्हणता येतं, की तिनं लिहिलंय, फॉर्म बिघडलाय. उद्या फॉर्म नीट झाला आणि तरीही काही आलं नाही, तर मी काय म्हणू?

रेवाई


ग्वेरू, १९ जुलै

माई,

खुर्चीवर बसून वाचा.

मी मूर्खासारखा पाकीट, सही, पोस्ट तपासत होतो. ज्याच्याकडे पत्र जायचं त्याचा पत्ताच तपासला नव्हता. मीच तो तुमचा घातला होता ना, मग तो का बघायचा! काल बघितला. तो तुमचा नाही. फिलेमोनचा आहे.

वेबसाइट कोणी काय कधी बदललं ते लिहून ठेवते. चार वर्षांपूर्वी, १४ ऑगस्टला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फिलेमोननं स्वतः आत जाऊन तुमचा पत्ता काढला आणि आपला घातला. पासवर्ड मीच त्याला दिला होता, फोटो बदलायला. म्हणजे चार वर्षं सगळे निरोप त्याच्या फोनवर येत होते, आणि पाहुण्यांचे तेवढे तो जसेच्या तसे पुढं तुमच्याकडे पाठवत होता. तो गेला, पाठवणारा गेला. फॉर्म बिघडलेला नव्हताच.

आता तुमचा पत्ता घातला आहे. आजपासून येणारं सगळं थेट तुमच्याकडे येईल. पण फेब्रुवारीपासूनचं जे आलंय ते फक्त त्याच्या फोनमध्ये आहे. वेबसाइट स्वतःजवळ प्रत ठेवत नाही, तो माझा आळस.

फोन कुठंय? उघडा.

टेकशुअर


न्यांगा, २७ जुलै

साहवीरा,

फोन ट्रंकेत आहे. त्याचा कोट, हातोडी, बायबल, चष्मा, बूट, सगळ्याबरोबर. नणंदेनं स्वतः दोर बांधलाय. वाटणीचा दिवस येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. धाकटे दीर जोहान्सबर्गहून सप्टेंबरात येतील तेव्हा भावकी बसेल. तेव्हा ट्रंक उघडेल.

पण खरं सांगते. दोर नसता तरी मी उघडली नसती. फिलेमोन दर रविवारी दुपारी फाटकाबाहेरच्या त्या मोठ्या खडकावर जाऊन बसायचा. 'इथं रेंज येते' म्हणायचा. तास-दीड तास. परत आला की चेहरा मवाळ असायचा, आणि मी चहा दिला की दोनदा छान म्हणायचा. चार वर्षं. चहाला छान म्हणणारा माणूस नव्हता तो, तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्याच मेलमधून बाहेर काढली गेले, ती कोणासाठी? त्याचं कुठं दुसरं घर होतं का? तुम्ही त्याचे साहवीरा. त्यानं बायकोला सांगितलं नसेल ते तुम्हाला सांगितलं असेल. खरं लिहा. माझ्यात ऐकायची ताकद आहे, न ऐकायची राहिलेली नाही.

बदललेल्या पत्त्यावर परवा पहिला निरोप आला. बुलावायोचा एक मासे धरणारा, दोन दिवस. म्हणजे दार उघडलं. आठ दिवस झाले, दुसरं कोणी आलेलं नाही.

रेवाई


ग्वेरू, ५ ऑगस्ट

शुवाईच्या माई,

शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. आणि दुसरं घर? ज्याला पहिल्या घराचं गळकं छप्पर अकरा वर्षं शाकारता आलं नाही, तो दुसरं कुठून उभं करणार? तुमच्या नवऱ्यावर संशय घ्या, पण त्याच्या लायकीप्रमाणे घ्या.

तुम्ही खरं मागितलंत, तर माझ्याकडे एकच खरं आहे. बस बिघडली नव्हती. रुसापेपर्यंत व्यवस्थित आली. तिथून न्यांगाला वळायच्या आधी मी उतरलो. पिशवीत शिट्टी होती, त्याची नक्कल करायला जुनी टोपी होती. स्टँडवर बाकावर बसून मी मनात त्याची चाल, त्याचं खोकणं, सगळं करून बघितलं. आणि मला कळलं की लोकांना हसवताना मी खड्ड्याकडे बघेन आणि तो हसत नसेल. चाळीस वर्षं मी जे काही बोललो ते तो हसावा म्हणून. परतीची बस आली, मी बसलो. तुम्ही लिहिलंत, कोणी हसलं नाही. ते माझ्यामुळे. बसचं नाव उगाच घेतलं.

सप्टेंबरात वाटणीला मी येईन. रुसापेला कंडक्टरनं ढकललं तरी उतरणार नाही. ट्रंक उघडताना तुमच्या बाजूला उभा राहीन.

टेकशुअर


न्यांगा, १४ सप्टेंबर

साहवीरा,

तुम्ही त्याचा कोट घालून, चष्मा नाकाच्या टोकाला आणून, 'रेवाई, या चहात साखर शेजाऱ्यांनी घातली काय?' म्हणालात, तेव्हा नणंद जमिनीवर लोळून हसली. मी हसले ती रडत हसले. हात तर तुम्ही असे धरलेत की सोडायला विसरलात. रुसापेचं मी माफ केलं. आता त्याचा विषय नको.

सगळं वाटून झाल्यावर फोन कोणाला द्यायचा ते भावकीला ठरवता येईना, आणि तुम्हीच ओरडलात, 'बायकोला द्या, तिला तीन कर्नलांना उत्तरं द्यायचीत!' देवानं तुम्हाला तेवढ्यासाठी जन्माला घातलं असावं. तुमची बस सुटली, माणसं पांगली, तेव्हा मी फोन चार्जिंगला लावला आणि तोच खडक गाठला. फोनला कुलूप नव्हतं.

दुसरं घर नाही. शुवाई आहे.

चार वर्षांपूर्वी तिनं फॉर्म भरला. मी शाळेत होते, त्यानं माझ्या मेलमध्ये तो बघून पुसला असणार, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता बदलला. मग तिला उत्तर लिहिलं. तेव्हापासून दर रविवारी. तो माणूस तिला सोडून गेला ते तिनं लिहिलंय. लेस्टरला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. तो तिला लिहितो, 'भावकीसमोर बोललोय, शब्द परत घ्यायला दिवस बघतोय, ईस्टरला भावकीला सांगतो, तोवर माईचंही मीच लिहितो.' मग, 'बटाटे निघाले की सांगतो.' मग, 'नाताळला नक्की.' आठ सण गेले, साहवीरा. भेकड! मी त्याच्याशेजारी बसून भाजी निवडत होते, आणि माझी मुलगी त्याच्या खिशात होती.

आणि ऐका. ती दर वेळी विचारते, 'माईचा दिवस कसा सरला?' आणि हा माझ्या नावानं उत्तरं देतो. 'माई म्हणते, तुझा सरला असेल तर तिचाही सरला.' 'माई म्हणते, तिकडं थंडीत पाय कोरडे ठेव.' 'माई म्हणते, तुझा पिवळा स्वेटर अजून फडताळात आहे.' तो आहे खरंच. त्यानं तो कधी बघितला, कोण जाणे. म्हणजे तिच्या मते मी चार वर्षं तिच्याशी बोलतेय.

मग फेब्रुवारी. तिच्या मेलला उत्तर नाही. दोन, तीन, पाच. मग ती पुन्हा फॉर्मकडे वळली, म्हणजे निदान मला तरी मिळेल. अकरा वेळा. तेही सगळे त्याच्याच फोनवर, अंधाऱ्या ट्रंकेत, त्याच्या बुटांशेजारी. मधेच माझाही एक निरोप सापडला, 'तुमचा दिवस कसा सरला?' आणि तिचाही एक, त्याच आठवड्यातला, तेवढाच. दोघींचे वर-खाली पडले होते. आम्ही दोघी एकमेकींच्या 'सरला'ची वाट बघत होतो. तुमचा चाचणीचा, फिलेमोनच्या आवाजातला साखरेचा निरोपही होता. तो मी शेवटी वाचला.

तिचा शेवटचा निरोप २८ जूनचा. 'माई, बाबा, दिवस सरला एवढंच कळवा. तुमचं कळेपर्यंत माझा सरत नाही. मी आता पुन्हा लिहून त्रास देणार नाही.' तुम्ही पत्ता बदललात त्याच्या तीन आठवडे आधी ती थांबली.

तिचा नंबर एका मेलमध्ये आहे, सोबतच्या चिठ्ठीत लिहिलाय. मी चार वेळा आकडे दाबले आणि पुसले. बाप गेल्याचं परक्या देशात एकटीला कसं सांगू? पडद्यावर लिहून तर मुळीच नाही. आपल्याकडे हे साहवीराचं काम आहे. तुम्ही सांगा. तिच्याजवळ कोणी बसलेलं असेल तेव्हाच सांगा. आणि मी काय म्हटलं असं विचारलं तर... ते मला अजून कळलेलं नाही.

रेवाई


ग्वेरू, २२ सप्टेंबर

माई,

सांगितलं.

दोन दिवस तिचा फोन लागला नाही, तिसऱ्या दिवशी लागला. 'कोण?' मी म्हटलं, 'तुझ्या बापाचा साहवीरा. तुझा बटाट्याच्या शेतातला घोडा.' ती हसली, माई. हुबेहूब लहानपणीसारखी. म्हणाली, 'बाबांनी तुम्हाला मधे घातलं का? एवढे रुसले? मी काही चुकीचं लिहिलं का?' मी विचारलं, 'तुझ्याजवळ कोण आहे?' तिच्याबरोबर एक आपल्याकडची, बिंदुराची मुलगी राहते, ती तिथंच होती. मग मी म्हटलं, 'बाळ, बसून घे.'

आपल्याकडे 'बसून घे' कशासाठी म्हणतात ते कोणाला सांगावं लागतं? मग तिनं विचारलं, 'कधी?' मी फेब्रुवारी म्हटलं. त्यावर तिला जे रडू आलं ते मी फोन न ठेवता ऐकलं. एवढं मला येतं, हे रुसापेला माहीत असतं तर बरं झालं असतं. मी त्याच्या कंजूसपणाची गोष्ट सांगितली, आपण तिघं एका पेरूसाठी भांडलो ती. रडता रडता ती म्हणाली, 'अर्धा त्यांनी खाल्ला असणार.' दोघंही हसलो. मग बऱ्याच वेळानं ती म्हणाली, 'काका, माईला माझं माहीतच नव्हतं का? मग ते सगळं कोण बोलत होतं?'

मी म्हटलं, 'ते तिलाच विचार.' तुमचा नंबर दिला. ती म्हणाली, आवाज टिकणार नाही, आधी लिहीन, नेहमी लिहिते तिथंच.

फॉर्म मी पाच वेळा तपासलाय. आता तुमच्या आणि तिच्या मधे काही नाही.

टेकशुअर


म्हुते कॉटेजच्या वेबसाइटवरून, २४ सप्टेंबर

नाव: शुवाई
विषय: खोली आहे का?
निरोप: डिसेंबरात तीन आठवडे, एका माणसासाठी. माई, तुमचा दिवस कसा सरला? काकांनी सगळं सांगितलं. मला एकच विचारायचंय. बाबा कळवायचे की माई असं म्हणते, माई तसं म्हणते. कागदावर उतरवून मी ते उशीखाली ठेवलंय. ते तुम्ही म्हटलेलं नसेल तर सांगा, मी काढून टाकीन.


न्यांगा, २४ सप्टेंबर

शुवाई,

तुझा निरोप आला. मी बटाटे सोलत होते, हात तसेच आहेत, टॅब्लेटला माती लागली.

तुझ्या बाबांची सगळी पत्रं मी पेन्सिल घेऊन वाचली, मुलांच्या वह्या तपासायचे तशी. माझ्या नावावर त्यांनी काय काय लिहिलंय ते एकेक ओळ बघितलं. पाय कोरडे ठेव, हे मीच म्हटलं. म्हाताऱ्यांना उचलताना कंबर सांभाळ, हे ठाऊक असतं तर म्हटलंच असतं, म्हणून तेही माझंच. स्वेटर फडताळात आहे, कालच ऊन दाखवलं. तू जेवलीस का, हे त्यांनी एकशे बारा वेळा लिहिलंय, ते कमी आहे. मी त्याहून जास्त वेळा म्हटलं. घरात नाव काढायचं नव्हतं, म्हणून चुलीपाशी म्हणायचे, वाफेत. त्यांना ऐकू जात असेल असं मला वाटलं नव्हतं.

एकच ओळ मी खोडली. तिसऱ्या वर्षी त्यांनी लिहिलं, 'माईनं तुला माफ केलं.' ते मी म्हटलं नाही. मी तुझ्यावर रागावलेच नव्हते. बाकी सगळं उशीखाली राहू दे.

खोली आहे. शुक्रवारी चादरी बदलल्यात.

तुझा दिवस सरला असेल तर माझाही सरला. कळव, मी बसलेय.

माई